काटा आणखी बारीक हवा



उसाच्या वजनात थोडा फरक वाटला तरी आपण काट्यावर जाऊन जाब विचारतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्याच उसाचे इथेनॉल टँकर भरभरून तेल कंपनीकडे जाते, त्यातल्या तांब्याचा हिशोब कुणी विचारत नाही. आमचे स्पष्ट मत असे, की हा हिशोब आपल्याच प्रयोगशाळेत झाला पाहिजे.

इंधनात धातू कुठला, असे काहींना वाटेल. खनिज तेल जमिनीतून निघते तेव्हाच त्यात व्हॅनेडियम व निकेल हे धातू असतात. 1934 साली जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी दाखवून दिले, की पानातल्या हरितद्रव्याचा सांगाडा खनिज तेलात अजून शिल्लक आहे; फक्त मधल्या मॅग्नेशियमच्या जागी व्हॅनेडियम येऊन बसले आहे. काही तेलांत ते दहा लाख भागांत एक भागही नसते, तर व्हेनेझुएलाच्या बोस्कान तेलात हजाराच्या वर असते. असल्या तेलाचा गाळ बॉयलरमध्ये जाळला, की व्हॅनेडियमची राख वितळून नळ्यांचे पोलाद खाते. म्हणून शुद्धीकरण कारखाने तेल घेताना धातू मोजून घेतात. शिसे तर माणसाने मुद्दाम पेट्रोलमध्ये घातले होते; आपल्या देशात ते 2000 साली बंद झाले.

आता आपल्या घरचे बघू. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी भारतीय मानक 15464 आहे. त्यात तांब्याची मर्यादा किलोमागे 0.1 मिलिग्रॅम. म्हणजे 20 हजार लिटरच्या टँकरमध्ये सगळे मिळून दीड ग्रॅमच्या आसपास, लहान मुलाच्या अंगठीएवढे! एवढ्याशा तांब्यानं काय बिघडतं? बिघडतं. तांब्यामुळे पेट्रोल लवकर खराब होते, डिंकासारखा चिकट थर धरतो आणि गाडीचे इंजेक्टर तुंबतात. आणि हे तांबे उसातून येते असे नाही. नळ, व्हॉल्व्ह तांब्या-पितळेचे असले आणि माल थोडा आंबट असला, की ते हळूहळू उतरते. नमुना पितळी तोटीतून घेतला तर मोजणीही चुकते.

कुणी म्हणेल, नमुना बाहेर पाठवतोच की. पण निकाल हाती येईपर्यंत टँकर रस्त्याला लागलेला असतो. तो परत फिरला तर भाडे आपले, खोळंबा आपला, आणि शेवटी लांबते ते उसाचे बिल.

खर्चाची शंका रास्त आहे. पण ऑस्ट्रेलियाचे ॲलन वॉल्श यांनी 1955 साली मांडलेल्या पद्धतीचे यंत्र एकाच कामाचे नसते. ज्योतीत नमुना फवारायचा, त्यातून त्या त्या धातूच्या दिव्याचा उजेड सोडायचा आणि किती उजेड शोषला गेला ते मोजायचे. दिवा बदलला, की तेच यंत्र आपल्या रानातील मातीचे जस्त आणि लोह मोजते. दहा लाख भागांत जस्त 0.6 च्या खाली किंवा लोह 4.5 च्या खाली असले, तर माती कमी पडते आहे असे समजतात. खोडव्यावर केवडा दिसला की आपण अंदाजाने पोती ओततो. त्याऐवजी मोजून खत घालता येईल. सकाळी टँकरचा नमुना, दुपारी सभासदांची माती, असे यंत्र वर्षभर रिकामे राहणार नाही.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, यंत्राबरोबर शिकलेला माणूसही नेमावा, आणि दर महिन्याचा तांब्याचा आकडा याच पत्रिकेत छापावा, एवढी आमची सूचना आहे. उसाचा काटा सभासदांसमोर उघडा असतो, तसा हाही असावा.