सवडीची शाळा आणि गावाची सवड



हळद लावली की आठ-नऊ महिने वाट पाहावी लागते. मग काढणी, शिजवणे, वाळवणे, आणि तेव्हा कुठे माल बाजारात जातो. हे हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला कुणी सांगायला नको. तरी ‘पी हळद आणि हो गोरी’ अशी घाई आपण दुसऱ्या कामात करतोच, आणि शिकण्याच्या कामात तर फारच. आज अशाच एका शिकण्याबद्दल तुमच्याशी बोलायचे आहे. शिकणार आहे गावच्या वाचनालयातली ताई किंवा दादा. पीक मात्र येणार आहे तुमच्या-माझ्या घरात.

पुसेगाव म्हटले की पुष्कळांना सातारा जिल्ह्यातले, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव आठवते. मी म्हणतो ते आपले, सेनगाव तालुक्यातले. अशा गावात वाचनालय म्हणजे काय असते? एक खोली, दोन-तीन कपाटे, एक लांब टेबल आणि त्यावर वर्तमानपत्रे. सकाळी वडीलधारी माणसे पेपर वाचतात. दुपारी पोलीस भरतीची आणि तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणारी पोरे बसतात. हे सगळे सांभाळणारे माणूस बहुधा एकच. कपाटाची किल्ली, दाखल नोंदवही, देवघेवीचे रजिस्टर आणि झाडू, चारही त्याच्याच हातात.

या माणसाला मिळते किती? ‘ड’ वर्गाच्या गावच्या ग्रंथालयाला २०१२ पासून वर्षाला ३० हजार रुपये अनुदान होते. २०२२ साली शासनाने ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ केली. त्या वाढीनंतर हिशेब मांडला तरी महिन्याला चार हजार पडतात. त्यातच पुस्तके, वर्तमानपत्रे, दिवाबत्ती आणि त्यातच पगार. गडीमाणसाची मजुरी देणाऱ्या तुम्हाला याहून जास्त काही सांगायला नको.

आणि कामाचे स्वरूप तर पार बदलले. पूर्वी वाचक विचारी, ‘अमुक कादंबरी आहे का?’ आज पोरगी विचारते, ‘मागच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका मोबाइलवर कुठे मिळतील?’ आजोबा विचारतात, ‘पीएम किसानचा म्हणून हा मेसेज आलाय, यातला आकडा सांगू का?’ त्या एका आकड्याच्या सांगण्याने बँकेतले सोयाबीनचे पैसे जाऊ शकतात. वाचनालयातल्या ताईला याचे उत्तर येत असेल तर एक घर वाचते. येत नसेल तर कपाटातली हजार पुस्तके तिथे काही करू शकत नाहीत.

तेव्हा तिने शिकले पाहिजे. पण कुठे? शहरातल्या वर्गाला जायचे तर वाचनालय बंद, एसटीचे भाडे वेगळे आणि घरचे सगळे कोण बघणार? यावर आता एक वाट निघाली आहे. धडे मोबाइलवर किंवा संगणकावर असतात. गुरुजी तिथे अमुक वाजता हजर राहा म्हणत नाहीत. आज एक धडा पाहा, उद्या तोच पुन्हा पाहा, सुगीत महिनाभर थांबा, मग पुढचा पाहा. याला आपण सवडीची शाळा म्हणू.

ही काही हवेतली गोष्ट नाही. अमेरिकेत २००३ साली ‘वेबजंक्शन’ नावाचा उपक्रम खास ग्रंथालयातल्या माणसांसाठीच सुरू झाला. लहान गावातल्या एकट्या ग्रंथपालालाही बसल्या जागी शिकता यावे, हा त्याचा हेतू. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीने प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचे धडे तयार केले. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. धडा पाहायचा, थांबवायचा, तेच आपल्या हाताने करायचे आणि पुढे जायचे, अशी त्याची रीत. पैसे लागत नाहीत. धडे उतरवून ठेवले तर नेट नसतानाही चालतात. भारनियमनाच्या मुलखात ही सोय मोठी. पुष्कळ विषयांचे धडे मराठीतूनही आहेत. ग्रंथालयाच्या कामासाठी असलेल्या ‘कोहा’ या प्रणालीचेही धडे तिथे आहेत. ही प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालयाने करवून घेतली आणि २००० साली वापरात आणली. तिथल्या माओरी लोकांच्या भाषेत कोहा म्हणजे भेट. नावाप्रमाणे ती सगळ्या जगाला फुकट दिलेली आहे.

पण ताई, दादा, पहिल्याच दिवशी कोहाच्या मागे लागू नका. पाचशे-हजार पुस्तकांच्या वाचनालयाला त्याची घाई नाही. आधी मराठी टायपिंग शिका, आणि तेही युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये केलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती गिचमिड दिसते. मग दाखल नोंदवही संगणकावरच्या तक्त्यात उतरवा. तिथे एक नियम पाळा. एका लेखकाचे नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा. एका ओळीत कुसुमाग्रज आणि दुसरीत शिरवाडकर लिहिले, तर संगणकाला ती दोन माणसे वाटतात आणि निम्मी पुस्तके हरवल्यासारखी होतात. तिसरी गोष्ट, शोधायला शिका. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज तो सगळा विश्वकोश मोबाइलवर फुकट वाचता येतो. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही खुले आहे. चौथी गोष्ट, खोटा मेसेज कसा ओळखावा ते शिका आणि ओटीपी कुणाला का सांगू नये, हे वाचकांना समजावून द्या.

एक सावधगिरी. मोबाइलवर ‘एवढे पैसे भरा, लगेच प्रमाणपत्र घ्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यवस्थेवर शिकणे फुकट आहे, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क आहे. मात्र तिथल्या बहुतेक अभ्यासक्रमांना तारखा असतात, त्या पाहून नाव घाला. आणि हे धडे म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या मान्य अभ्यासक्रमाला पर्याय नव्हेत. तो अभ्यासक्रम वेगळा, हे वेगळे.

आता खरी अडचण सांगतो. सवडीने शिकायचे म्हटले की सवड कधी मिळतच नाही. वर्गात गुरुजी हजेरी घेतात, म्हणून माणूस जातो. इथे कुणी विचारणारा नाही. सोयाबीन काढायला आले, पाहुणे आले, लेकरू आजारी पडले, की धडा राहिला तो राहिलाच. बाईमाणसाचे तर विचारूच नका. तिची सवड म्हणजे घरातल्या सगळ्यांची कामे आटोपल्यावर उरलेली रात्र.

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न एका माणसाने ओळखला होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला एक मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. अक्षरओळखही त्याला तिथे गेल्यावर झाली. तेच सयाजीराव महाराज. त्यांनी १९१० साली बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावला, १९११ साली ग्रंथालयातल्या माणसांसाठी शिक्षणाचा वर्ग काढला आणि लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तके पाठवली. नुसती पुस्तके दिली की ग्रंथालय चालते, असे त्यांनी मानले नाही. माणूस शिकवावा लागतो, आणि शिकण्याची सोय करणे हे काम चालवणाऱ्याचे आहे, हे त्यांनी जाणले. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याप्रमाणे गावच्या ग्रंथालयाची व्यवस्था बहुतेक गावातल्याच संस्थेकडे असते. म्हणजे आजचे सयाजीराव आपणच.

मग आपण काय करावे? आठवड्यातला एक दिवस, दुपारचे दोन तास, ताईच्या शिकण्यासाठी ठरवून द्या. तेवढा वेळ टेबलापाशी संस्थेचा एखादा सभासद बसेल. शाळेतला किंवा ग्रामपंचायतीतला संगणक त्या दोन तासांपुरता मागून घ्या. मोबाइलच्या रिचार्जचा खर्च संस्थेने उचलावा, तो तिच्या पगारातून जाऊ नये. घरच्यांनी त्या दिवशी तिच्यावर दुसरे काम टाकू नये. सासूबाईंना हे विशेष सांगणे आहे. आणि महिन्याच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारावे, ‘ताई, या महिन्यात काय शिकलात? आम्हाला करून दाखवा बरे.’ हे विचारणे म्हणजे तपासणी नव्हे. आपल्या शिकण्याची कुणाला तरी गरज आहे, एवढे कळले तरी माणूस धडा अर्धा टाकत नाही.

हे वाचून झाले की या आठवड्यात एकदा वाचनालयात जा. पेपर वाचा, पण त्याआधी तिथल्या ताईला किंवा दादाला विचारा, ‘शिकायला वेळ मिळतो का?’ नाही म्हणाले, तर पुढचा प्रश्न संस्थेच्या बैठकीत तुम्ही विचारायचा आहे.