हृदयाविषयी मुलांना काय विचारावे?

विद्यार्थ्यास हृदयाचे ज्ञान आहे की नाही, हे पाहण्याची आपली रीत ठरलेली आहे: सुबक आकृती काढून भागांना नावे द्यावयाची. विद्यार्थी चार कप्पे, झडपा, महारोहिणी बिनचूक दाखवितो. अशुद्ध रक्ताला निळा रंग देतो, आणि पुष्कळदा ते खरोखरच निळे असते अशी समजूत घेऊन शाळेबाहेर पडतो. वस्तुतः ते गडद तांबडे असते. गुण मात्र पूर्ण मिळतात.

आरोग्यविषयक प्रश्नावल्यांची तऱ्हा फारशी निराळी नाही. ‘तंबाखू हृदयास अपायकारक आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्या सुरातच दडलेले असते.

खरी उणीव दिसते ती संधिज्वराच्या बाबतीत. डॉक्टर ज्याला ‘ऱ्हुमॅटिक ताप’ म्हणतात तो हाच. तो मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांना, म्हणजे परीक्षेस बसणाऱ्यांनाच, गाठतो. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या विशिष्ट जंतूंमुळे घसा येतो व बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी काहींना पुन्हा ताप भरतो. आज गुडघा सुजतो, तो ओसरतो तोच घोटा धरतो. जंतूंशी झुंजणारी शरीराची संरक्षक शक्ती चुकून स्वतःच्याच ऊतींवर उलटलेली असते. सांधे पूर्ववत होतात, परंतु हृदयाच्या झडपा कायमच्या आखडू शकतात. भारतात असे रुग्ण आजही मोठ्या संख्येने आहेत. प्रत्येक घसादुखी या जंतूंची नसते, बहुतेक विषाणूंचीच असते. पण ती ओळखून वेळीच पेनिसिलिन दिल्यास पुढील अनर्थ टळतो. एकदा हा ज्वर येऊन गेलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे, टोचून घ्यावे लागते.

तेव्हा प्रश्न असा घालावा: ‘एका मुलीला गेल्या वर्षी संधिज्वर झाला होता. आता ती ठणठणीत आहे. इंजेक्शनचा दिवस नेमका गावच्या जत्रेत आला आहे. तिने काय करावे, आणि का?’ झडपांची नावे पाठ असलेला विद्यार्थी येथे अडखळला, तर त्याची आकृती कितीही रेखीव असो, तो नापासच समजावा. आणि त्याबरोबर त्याचे पाठ्यपुस्तकही.

असली उत्तरे तपासावयास वेळ लागतो, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात ‘आणि का?’ची उत्तरे वाचणे हे कष्टाचेच काम. मात्र आकृतीचे गुण थोडे कमी करून तेवढा एक प्रश्न सहज बसविता येईल.