रिकामं वाळवंट कुणी रिकामं केलं?

नामिबियाच्या ग्रुप बाईक टूर विकल्या जातात त्या रिकामपणाच्या जोरावर. शेकडो किलोमीटर खडीचा रस्ता, एकीकडे लाल वाळूचे डोंगर, दुसरीकडे अटलांटिक आणि समोर कुणीच नाही. हे खोटं नाही. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा हा देश, आणि माणसं साधारण 30 लाख. एकट्या पुण्यात त्याहून जास्त राहतात.

माझं भांडण या आकड्याशी नाही, बाईकशी तर अजिबातच नाही. हा सगळा रिकामपणा निसर्गानंच दिलाय, असं समजून त्यावरून सुसाट निघून जाण्याशी आहे.

किनाऱ्यालगतचं नामिब वाळवंट खरंच निसर्गाचं. बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह पाऊस येऊ देत नाही, फक्त धुकं पाठवतो. पण टूर काही फक्त तेवढ्यातून जात नाही. विंडहुकहून निघालात की कुरणांच्या प्रदेशात तारेची कुंपणं सुरू होतात आणि मैलोन्‌मैल संपत नाहीत. ही कुंपणं कुठून आली, हे ब्रीफिंगमध्ये कुणी सांगत नाही.

1884 मध्ये हा भाग जर्मन वसाहत झाला. जमीन आणि गुरं हातातून जाऊ लागली, तेव्हा 1904 च्या जानेवारीत हेरेरो लोकांनी उठाव केला. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गच्या लढाईनंतर त्यांना ओमाहेके वाळवंटात हाकललं गेलं आणि परतीच्या वाटेवरचे पाणवठे सैन्यानं अडवले. 2 ऑक्टोबर 1904 ला जनरल फॉन ट्रोथानं लेखी फर्मान काढलं: जर्मन हद्दीत दिसेल तो हेरेरो, हातात बंदूक असो वा नसो, गोळी घातली जाईल. मग नामा लोकही उठले. उरलेल्यांना छावण्यांत कोंडलं. अंदाज वेगवेगळे आहेत, पण बरेच अभ्यासक सांगतात की 80 टक्क्यांच्या आसपास हेरेरो आणि निम्मे नामा संपले. जमिनी सरकारनं घेतल्या, गोऱ्या वसाहतवाल्यांची फार्म्स उभी राहिली. आजही खाजगी शेतजमिनीचा मोठा हिस्सा गोऱ्या मालकांकडेच आहे. तुमच्या फोटोत मागे दिसतो तो हा रिकामपणा.

आता टूरचे थांबे बघा. स्वाकोपमुंडला जर्मन बेकरी, बिअर, समुद्राची हवा. त्याच गावात कैद्यांची छावणी होती. दफनभूमीच्या कडेला, वाळवंट सुरू होतं तिथं, वाळूचे बिननावाचे छोटे छोटे उंचवटे आहेत. त्या कबरी आहेत. दक्षिणेला ल्युडेरिट्सजवळचं कोलमानस्कोप: घरात गुडघाभर वाळू, इन्स्टावर हमखास चालणारा फोटो. 1908 मध्ये त्या भागात पहिला हिरा सापडला तो झकारियास लेवाला या रेल्वे मजुराला. त्याला बक्षीसही मिळालं नाही. सरकारनं लगेच भोवतालचा प्रचंड मुलूख निषिद्ध क्षेत्र जाहीर केला. म्हणजे इथलं वाळवंट तर कागदावर सही करून बंद केलं गेलं. आणि ल्युडेरिट्समध्येच आहे शार्क आयलंड, जिथं 1905 ते 1907 या काळात हजाराहून जास्त कैदी थंडी, भूक आणि कामानं मेले. त्याच जागेवर पुढे पर्यटकांसाठी कॅम्पसाइट झाली. तंबू, शेगडी, सूर्यास्त.

कुणी म्हणेल, वर्षभर ऑफिसात घासून चार दिवस मोकळं व्हायला आलोय, इतिहासाचा तास कशाला? ठीक आहे. पण मग एक सांगा, राजगडावर दारूची बाटली दिसली की आपलं रक्त का उकळतं? तटबंदीवर बदाम कोरणाऱ्याला आपण शिव्या का घालतो? तोही मोकळं व्हायलाच आलेला असतो. आपली जागा पवित्र आणि दुसऱ्याची जागा बॅकग्राउंड, हा हिशेब बरोबर नाही. आपणही ज्यांच्यावर राज्य केलं गेलं त्यांच्यातलेच. परदेशात गेल्यावर गोऱ्या साहेबाच्या नजरेनं जमीन बघायची सवय आपल्याला तरी शोभत नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: पर्यटनावर तिथल्या लोकांची पोटं चालतात. चालतात, आणि म्हणूनच जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण पैसा कुठं थांबतो ते बघा. बाईक, लॉज, मागून येणारी सपोर्ट गाडी, सगळं पॅकेजमध्ये आधीच भरलेलं. कुइसेब नदीच्या कोरड्या पात्रात टॉपनार लोक पिढ्यान्‌पिढ्या नारा नावाच्या रानटी फळावर जगत आले. तुमचा ताफा तीच नदी वरच्या अंगाला घाटातून ओलांडतो. दहा-बारा बाईक एका रांगेत, प्रत्येकाची नजर पुढच्याच्या धुळीवर. ग्रुपचा वेग ठरलेला, थांबे ठरलेले. थांबून कुणाशी बोलायला वेळच ठेवलेला नाही.

जर्मनीनं 2021 मध्ये या हत्याकांडाला वंशसंहार म्हटलं. नामिबिया 2025 पासून 28 मे हा स्मृतिदिन पाळतो. दोन सरकारांना जे बोलता आलं, ते टूरच्या वेळापत्रकात एका ओळीत बसत नाही?

बुकिंग करण्याआधी टूरवाल्याला तीन प्रश्न विचारा. शार्क आयलंडला आणि स्वाकोपमुंडच्या कबरींपाशी थांबणार का? गाइड हेरेरो किंवा नामा आहे का? एखादी रात्र स्थानिक लोकांनी चालवलेल्या मुक्कामावर आहे का? उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरा टूरवाला शोधा. आणि गेलात, तर त्या वाळूच्या उंचवट्यांपाशी इंजिन बंद करा, हेल्मेट काढा. तिथं कुणीच नाही असं परत आल्यावर सांगू नका.