शून्याखाली तीन अंश

वॉशिंग सेंटरवर गाडी धुताना पाण्याचा सणसणीत फवारा मारणारे यंत्र आपण सगळ्यांनी पाहिलेले असते. २०१७ साली ब्रिटनमधील काही विद्यापीठांतल्या हिमनदी-अभ्यासकांनी तसेच एक यंत्र, थोडे फेरफार करून, नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याशी असलेल्या खुंबू हिमनदीवर नेले. पाणी तापवायचे, दाबाने ते बारीक तोटीतून खाली सोडायचे आणि बर्फाला भोक पाडत उतरत जायचे, अशी ही पद्धत. समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार मीटरवर त्यांनी अशी छिद्रे पाडली. सर्वांत खोल छिद्र १९० मीटरच्या आसपास गेले. मग त्यांत तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या तारा सोडल्या आणि छिद्रे पुन्हा गोठू दिली.

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करणारे मराठी ट्रेकर आता पुष्कळ आहेत. लोबुचेहून गोरक्षेपकडे जाताना उजव्या हाताला ही हिमनदी असते, पण ती पाहून अनेकांचा हिरमोड होतो. पांढरीशुभ्र नदी दिसेल अशी अपेक्षा असते आणि समोर दिसते ते राखाडी दगडगोट्यांचे ओबडधोबड रान. बर्फ त्या दगडांच्या पांघरुणाखाली असतो. तो आहे हे डोळ्यांना नीट कळत नाही, मग तो किती थंड आहे हे कुठून कळणार?

त्या तारांनी जे सांगितले ते २०१८च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. मोजलेल्या बर्फापैकी सर्वांत थंड बर्फ उणे ३.३ अंश सेल्सिअस होता. तिथल्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानापेक्षाही तो सुमारे दोन अंशांनी उबदार होता. हिमनदीचा बराचसा भाग तर वितळण्याच्या उंबरठ्यावरच होता. जगातल्या सर्वांत उंच शिखराच्या कुशीतला बर्फ आपण समजत होतो तितका थंड नव्हता.

आकडा लहान दिसतो. याहून अधिक थंडी तर घरातल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातही असते! पण हा आकडा कशाने ठरतो आणि त्याच्यावर काय काय अवलंबून असते, हे समजून घेतले तर तो लहान वाटत नाही.

हिमनदीच्या वरच्या थरात ऋतूंप्रमाणे तापमान खालीवर होते. साधारण दहा-पंधरा मीटर खाली गेले की उन्हाळा-हिवाळ्याचा फरक जवळजवळ पुसला जातो. तिथले तापमान त्या जागेच्या हवेच्या वार्षिक सरासरीजवळ असावे, असा ढोबळ नियम आहे. तो मोडतो पाण्यामुळे. उन्हाळ्यात पृष्ठभागावर वितळलेले पाणी भेगांतून आणि जुन्या हिमाच्या सच्छिद्र थरातून खाली झिरपते आणि थंडगार बर्फाला भिडून पुन्हा गोठते. गोठताना ते आपली सुप्त उष्णता बाहेर टाकते. एक ग्रॅम पाणी गोठले की त्या उष्णतेने १६० ग्रॅम बर्फाचे तापमान एका अंशाने चढते. हवेतून आत शिरणारी उष्णता बर्फातून मुंगीच्या पावलाने पुढे सरकते, पाणी मात्र एका उन्हाळ्यात थेट पोटात पोचते. म्हणूनच हिमनदी आतून हवेपेक्षा झपाट्याने उबदार होऊ शकते.

इथे एक उपमा फार मोहात पाडते. थंडी ही हिमनदीची शिल्लक आहे, ती संपली की वितळणे सुरू, असे म्हणावेसे वाटते. पण हिशेब मांडला तर ही उपमा टिकत नाही. एक किलो बर्फ उणे ३.३ अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे ७ किलोज्यूल उष्णता लागते. तोच किलोभर बर्फ शून्यावर वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. म्हणजे थंडीची शिल्लक एकूण खर्चाच्या जेमतेम दोन टक्के आहे. ती राहिली काय नि गेली काय, बर्फ किती वर्षे टिकेल याच्या गणितात तिने फारसा फरक पडत नाही.

मग काळजी कशाची? माझ्या मते या विषयातली खरी धोक्याची सूचना याच दोन टक्क्यांत आहे. बर्फ वितळवायला प्रचंड उष्णता लागते, पण त्याचा स्वभाव पालटायला फार थोडी पुरते. आपण सारे हिशेब वितळण्याचे ठेवतो. किती चौरस किलोमीटर घटले, किती मीटर जाडी गेली, नदीत किती पाणी आले. स्वभाव कधी पालटला याची नोंद मात्र कुणाकडे नसते.

स्वभाव म्हणजे काय? बर्फ घन असला तरी स्वतःच्या वजनाखाली तो हळूहळू वाहतो. उणे दहा अंशांवर असलेला बर्फ शून्याजवळ आला की तेवढ्याच दाबाखाली तो सुमारे सहा-सात पट वेगाने आकार बदलतो. त्याहून महत्त्वाचा असतो तळ. तळ गोठलेला असेल तर हिमनदी खडकाला चिकटून बसते. तळाचे तापमान वितळणबिंदूला पोचले की तिथे पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि तीच हिमनदी घसरू लागते. उभ्या कड्यांवर लोंबणाऱ्या हिमनद्या तर बहुतांशी या गोठलेल्या चिकटणीच्या भरवशावरच टिकून असतात. उपग्रहाच्या छायाचित्रात चिकटलेली आणि सुटत आलेली हिमनदी सारखीच दिसते.

याची किंमत माणसांनी मोजलेली आहे. १७ जुलै २०१६ रोजी पश्चिम तिबेटच्या अरू भागात एका हिमनदीचा खालचा भाग अचानक सुटला. सुमारे ६.८ कोटी घनमीटर बर्फ दरीत धावत गेला. नऊ गुराखी आणि शेकडो जनावरे त्याखाली गाडली गेली. दोनच महिन्यांनी शेजारची हिमनदीही तशीच कोसळली. या हिमनद्यांचा उतार सौम्य होता आणि अशा उतारावरून एवढा बर्फ एकदम सुटू शकतो हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. अभ्यासाअंती जे चित्र पुढे आले त्यात तापमानाची सरमिसळ कळीची होती. कडा आणि टोक गोठून खडकाला धरून होते, तर आतल्या भागाच्या तळाशी पाणी साचत होते. पाण्याचा दाब वाढत गेला, तळाची मऊ माती सैल झाली आणि गोठलेल्या कडांना तो भार पेलवेनासा झाला.

याच्या उलट घडलेले उदाहरणही आहे आणि ते सोप्या घोषणा देणाऱ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे. फ्रान्समध्ये मोंब्लांच्या अंगावर तेत रूस नावाची छोटी हिमनदी आहे. १२ जुलै १८९२च्या पहाटे तिच्या पोटात साठलेले पाणी फुटून बाहेर आले आणि खालच्या सें-जेर्व्हे गावात सुमारे १७५ माणसे दगावली. २०१०च्या सुमारास रडार आणि इतर मोजमापांतून कळले की त्याच हिमनदीत पुन्हा सुमारे ५५ हजार घनमीटर पाणी साठले आहे. त्या वर्षी उन्हाळ्याअखेर छिद्रे पाडून ते पंपाने उपसले गेले आणि गाव वाचले. पाणी अडले होते ते बर्फ गरम झाल्यामुळे नव्हे, तर हिमनदीचे टोक थंड राहिल्यामुळे. हिमाचे पांघरूण पातळ झाले की हिवाळ्यातली थंडी बर्फात अधिक खोल शिरते. टोक गोठते, बुचासारखे बसते आणि वरून आलेल्या पाण्याला वाट उरत नाही. हवा तापत असताना हिमनदीचा एखादा भाग थंड होत गेला आणि त्यामुळेच धोका वाढला, हे घरबसल्या तर्काने ओळखता आले नसते. बर्फात छिद्र पाडून पाहिले म्हणून ते ठरले.

हानी केवळ माणसांची होते असे नाही. उंचावरच्या थंड बर्फात शेकडो-हजारो वर्षांच्या हवेची, धुळीची, प्रदूषणाची नोंद थरांत जपलेली असते. स्वित्झर्लंडमधल्या ग्राँ कोंबँ पर्वतावर, कोर्बासिएर हिमनदीच्या माथ्याशी, २०१८ साली संशोधकांनी बर्फाचा पहिला गाभा, म्हणजे भोक पाडून अखंड बाहेर काढलेला बर्फाचा दंडगोल, काढला. दोन वर्षांनी ते अधिक खोल गाभा काढायला परतले. मधल्या काळात पाणी झिरपून थरांतल्या रासायनिक खुणा धुऊन गेल्या होत्या. बर्फ जागच्या जागी होता, पण त्यावरचा मजकूर पुसट झाला होता. ओल लागून शाई विरघळलेली चोपडी जशी चोपडी म्हणून शिल्लक राहते, तसेच हे.

आता आपल्याकडे वळू. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडमध्ये चमोलीला महापूर आला तेव्हा दिवसभर वाहिन्यांवर ‘हिमकडा फुटला’ असे चालले होते. प्रत्यक्षात रोंती शिखराजवळून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ एकत्र कोसळला होता. त्यात बर्फ होता साधारण पाचवा हिस्सा. खाली येताना घर्षणाच्या उष्णतेने त्यातला जवळजवळ सारा बर्फ वितळला आणि दगडांचा लोंढा चिखलाचा महापूर झाला. दोन जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसे मरण पावली किंवा बेपत्ता झाली. ३ ऑक्टोबर २०२३च्या रात्री सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक सरोवराच्या काठचा गोठलेला हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढिगारा, पाण्यात कोसळला. त्या लाटेने सरोवर फुटले आणि चुंगथांगचे साठ मीटर उंचीचे धरण वाहून गेले. या दोन घटनांचे खापर थेट तापमानवाढीवर फोडणे घाईचे ठरेल. शास्त्रज्ञांनीही चमोलीबाबत ही काळजी घेतली आहे. पण दोन्ही ठिकाणी आपल्या पायाखालची, किंवा खरे तर डोक्यावरची, गोठलेली जमीन किती अंशांवर आहे हा प्रश्न आपण आधी विचारला होता का?

भारतात हिमनद्यांवर काम होत नाही असे नाही. हिमाचलमधल्या छोटा शिग्री हिमनदीचा वार्षिक जमाखर्च २००२पासून सलग मांडला जात आहे. राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे मुख्यालय गोव्यात वास्कोला, समुद्राच्या काठी. त्याच केंद्राने २०१६ साली स्पितीमध्ये साडेतेरा हजार फुटांवर ‘हिमांश’ हे संशोधन स्थानक उभारले. पण बहुतेक कामाचा भर जमाखर्चावर असतो. बर्फात बांबू रोवायचा आणि तो वर्षभरात किती उघडा पडला ते मोजायचे. ही मोजणी मोलाची आहे, मात्र तिने बर्फ किती गेला एवढेच कळते. उरलेला बर्फ कोणत्या अवस्थेत आहे हे कळायला आत शिरावे लागते. हिमालयाच्या हजारो हिमनद्यांपैकी अशी खोल छिद्रे अगदी मोजक्या हिमनद्यांना पडली आहेत.

कारणे समजण्यासारखी आहेत. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तिथे माणूस धापा टाकतो आणि इंजिनही. इंधन, नळ्या, यंत्राचे सुटे भाग सारे पाठीवर, याकवर नाहीतर हेलिकॉप्टरने न्यावे लागते. गरम पाण्याने छिद्र पाडले की आजूबाजूचा बर्फ तापतो, म्हणून मूळ तापमान कळायला आठवडेच्या आठवडे थांबावे लागते. दरम्यान हिमनदी सरकत असते. ती तारा ताणते, तोडते. १८४०च्या दशकात लुई अगासी आणि त्याचे सहकारी आल्प्समध्ये उंटरार हिमनदीवर एका मोठ्या शिळेच्या आडोशाला राहून बर्फात भोके पाडत आणि तापमापक सोडत. साधने सुधारली, पण कामाचा पिंड तोच राहिला. तिथे जावे लागते, थांबावे लागते आणि पुढल्या वर्षी परत जावे लागते. तीन वर्षांच्या अनुदानात आणि दोन शोधनिबंधांच्या अपेक्षेत हे बसत नाही.

इशारा देणाऱ्यांनीही एक जुनी चूक विसरू नये. हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होतील असे विधान संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीच्या २००७च्या अहवालात आले. त्याला पुरेसा आधार नव्हता हे २०१० साली समितीला मान्य करावे लागले. त्या एका वाक्याने पुढच्या अनेक खऱ्या वाक्यांवरचा विश्वास उडवला. मोजल्याशिवाय दिलेली भीती आणि मोजल्याशिवाय दिलेला दिलासा, दोन्ही सारख्याच पोकळ.

म्हणून मागणी साधी असावी. ज्या खोऱ्यांत धरणे, बोगदे आणि वस्त्या आहेत, त्यांच्या माथ्यावरच्या निवडक हिमनद्यांत आणि गोठलेल्या कड्यांत तापमानाच्या तारा सोडल्या जाव्यात. त्यांची देखभाल किमान दोन-तीन दशके चालू राहील अशी तजवीज व्हावी. नोंदी सर्वांना खुल्या असाव्यात. प्रकल्पाला मंजुरी देताना खालच्या खडकाची चाचणी होतेच, तशी वरच्या बर्फाचीही व्हावी. एखाद्या जलविद्युत प्रकल्पाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

आणि तरीही उत्तर एका आकड्यात मिळणार नाही. तापाच्या रोग्याला एकदा थर्मामीटर लावून डॉक्टर निघून जात नाहीत. उशाशी तक्ता लागतो, सकाळ-संध्याकाळची नोंद लागते, आणि निदान त्या रेषेच्या चढउतारातून होते. खुंबूच्या पोटात मोजलेले उणे ३.३ ही अशीच तक्त्यावरची पहिली नोंद आहे. तिच्यापासून शून्यापर्यंत फक्त तीन अंशांचे अंतर आहे. पुढची नोंद कुणी केलीच नाही, तर ते अंतर कधी संपले हे आपल्याला वरून कोसळणारा बर्फच सांगेल.