फी माफ झाली, पण जून?

परिस्थितीच्या रेट्याखाली सुटलेले शिक्षण पस्तिशी-चाळिशीत पुन्हा हाती घेणाऱ्या स्त्रियांचे कौतुक करण्यात मराठी समाज सहसा मागे राहत नाही. परंतु कौतुकाने परीक्षेचा अर्ज भरता येत नाही. विधवा, परित्यक्ता अथवा घटस्फोटिता असलेली, पदरी एक-दोन मुले असलेली विद्यार्थिनी शिक्षण सोडते ती बुद्धी कमी पडली म्हणून क्वचितच. बहुधा ती सोडते एखाद्या विशिष्ट महिन्यात, हजार-दोन हजारांच्या तुटीपायी. तो महिना पुष्कळदा जून असतो. मुलांच्या वह्या, गणवेश, रिक्षाचे पैसे आणि स्वतःची प्रवेश फी ही सारी देणी याच सुमारास उभी राहतात. येणे मात्र आपल्या सवडीने येते.

हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या तेव्हा त्यांची मनोरमा तान्ही होती. पुढच्याच वर्षी, ऐन पंचविशीत, तिला घेऊन त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चाला ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा उपयोगी पडला. वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांना आसरा मिळाला, आणि पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत असताना त्या तेथे संस्कृत शिकवीतही होत्या. असामान्य प्रज्ञेच्या या स्त्रीलाही निवारा, मुलीची देखभाल आणि शिकता शिकता करता येईल असे काम, या तिन्हींची गरज लागली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढताना त्यांनी शिक्षणाच्या जोडीला राहण्याजेवणाची सोय केली, ती उगाच नव्हे.

आज फीची बाजू बरीच सुधारली आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य शासनाने माफ केले. मात्र ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांची. नोकरी आणि चूल सांभाळून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. अथवा बी.कॉम. करणारी आई त्या वाटेने येतच नाही. शिवाय फी माफ झाली तरी दुधाचे बिल माफ होत नाही.

मग निर्वाहासाठी असलेल्या साहाय्याकडे पाहावे, तर तेथे वेगळाच पेच. १९८० पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाली. पण त्यासाठीची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०, अशीच राहिली. संध्याकाळी चार मुलांच्या शिकवण्या घेऊन दोन हजार मिळवणारी विधवा या निकषाबाहेर पडते. निराधार ठरण्यासाठी जी कमाई थांबवावी, ती थांबली की शिक्षणही थांबते. याहून उफराटा हिशेब शोधून सापडणार नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाखांची मर्यादा ठरविता आली, तर निराधार स्त्रीच्या बाबतीतच एवढी चिकटाई कशासाठी?

पोटगीचा मार्ग लांबचा, तरी सोडून देण्यासारखा नाही. दंडप्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधील ५०० रुपयांची जुनी कमाल मर्यादा २००१ मध्येच गेली. त्या कलमाची जागा आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज मात्र ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. संकोचाने वा कंटाळून दोन वर्षे गप्प बसलेल्या स्त्रीला याच मार्गाने पहिल्या वर्षाचे पैसे वसूल करणे अशक्यप्राय होते. पदवीधर स्त्रियांनाही ही अट पुष्कळदा ठाऊक नसते.

दरम्यान जूनची तूट भरायची कशी? ओळखीच्या बायकांची भिशी जूनमध्ये आपल्या नावावर लागेल असे आधीच ठरवून घेणे, हा जुना उपाय मोबाईलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जापेक्षा कितीतरी शहाणपणाचा. त्या कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्याचा किराणा खातो.

महाविद्यालयांनाही यात बरेच करता येईल. फी हप्त्यांनी घेण्याची मुभा जेथे असेल, तेथे तिची सूचना फलकावर लावावी. ती मिळविण्यासाठी कार्यालयाच्या खिडकीत, मागच्या रांगेच्या देखत, आपला संसार कसा मोडला हे कोणा स्त्रीला सांगावे लागू नये. खिडकीच्या आतील कारकुनालाही ते ऐकणे सुखाचे नसते. मुक्त विद्यापीठाची संपर्कसत्रे सुटीच्या दिवशी भरतात तेव्हा इमारतीतील इतर खोल्या रिकाम्याच असतात. त्यांपैकी एक मुलांना बसण्यासाठी उघडून दिली, तर मूल सांभाळायला शेजारणीच्या हातावर ठेवावे लागणारे पैसे तरी वाचतील.