संसदेचा जनक आणि जळालेले कर्जरोखे

१/ सायमन द मॉन्टफोर्ट हे नाव इतिहासात ‘इंग्लिश संसदेचा जनक’ या बिरुदासह वावरते. इंग्लंडमधील लेस्टर शहरात त्याच्या नावाचे विद्यापीठ आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जगातील थोर विधिकर्त्यांची २३ शिल्पे आहेत. त्यांतही तो आहे. ज्या यादवीतून ही कीर्ती उगवली, तिची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र गौरवगाथेत क्वचितच विचारला जातो.

२/ गाथा थोडक्यात अशी. राजा तिसरा हेन्री उधळ्या आणि परदेशी नातलगांवर मेहेरबान. १२५८ मध्ये बॅरन, म्हणजे बडे सरदार, एकत्र आले आणि त्यांनी त्याच्यावर १५ जणांचे सल्लागार मंडळ लादले. राजाने शब्द फिरवला, युद्ध पेटले. १४ मे १२६४ रोजी लुइसच्या लढाईत सायमनने राजाला कैद केले.

३/ २० जानेवारी १२६५ रोजी त्याने बोलावलेल्या सभेत प्रत्येक शायरमधून दोन नाइट आणि निवडक नगरांतून प्रत्येकी दोन नागरिक आले. नगरांना असे स्थान प्रथमच मिळाले. ४ ऑगस्ट १२६५ रोजी इव्हशॅम येथे सायमन मारला गेला, त्याच्या देहाची विटंबना झाली आणि लोकशाहीला एक हुतात्मा लाभला.

४/ या सर्व घटना खऱ्या आहेत. परंतु लुइसच्या लढाईआधी जेमतेम महिनाभर, एप्रिल १२६४ मध्ये, सायमनच्या पक्षाने लंडनच्या ज्यू वस्तीवर हल्ला केला. इतिवृत्तकार मृतांचा आकडा ४०० ते ५०० देतात. हल्ल्याचा पुढारी जॉन फिट्झ जॉन हा सायमनचा निकटचा सहकारी. लुटीतील वाटा खुद्द सायमनलाही पोहोचला, अशी नोंद थॉमस वाइक्स या इतिवृत्तकाराने केली आहे.

५/ हा एका शहरातील क्षणिक उद्रेक नव्हता. वुस्टर, कँटरबरी, पुढे १२६५ मध्ये विंचेस्टर, १२६६ मध्ये लिंकन: बंडखोरांच्या तुकड्या जेथे पोहोचल्या, तेथे ज्यूंची घरे लुटली गेली. माणसांइतकेच हल्लेखोरांचे लक्ष आणखी एका गोष्टीवर होते. ती म्हणजे कर्जरोख्यांची पेटी.

६/ या पेटीला ‘आर्का’ म्हणत. ११९० मध्ये यॉर्क येथे ज्यूंचे हत्याकांड झाले, तेव्हा हल्लेखोरांनी कर्जाचे कागद चर्चमध्ये नेऊन जाळले होते. त्यानंतर, ११९४ मध्ये, राजसत्तेने ठरावीक शहरांत कर्जरोख्यांच्या प्रती कुलूपबंद पेटीत ठेवण्याची पद्धत घातली. पेटी नष्ट झाली की पुरावा नष्ट. पुरावा नष्ट झाला की ऋणको मोकळा. वुस्टरची पेटी रॉबर्ट द फेरर्सने टटबरीच्या किल्ल्यात नेली. हे निव्वळ धर्मवेड असते, तर कागद पळवण्याची गरज काय होती?

७/ या द्वेषाची मुळे राजाच्या तिजोरीतही होती. ज्यू हे कायद्याने राजाची मालमत्ता मानले जात. तो त्यांच्यावर मनमानी कर लादे. १२४१ मध्ये २०,००० मार्क, १२४४ मध्ये ६०,००० मार्क. हा भरणा करण्यासाठी त्यांना कर्जे निकडीने वसूल करावी लागत किंवा रोखे कवडीमोलाने विकावे लागत. १२५५ मध्ये तर हेन्रीने संपूर्ण ज्यू समाजच आपला भाऊ रिचर्ड याच्याकडे गहाण टाकला.

८/ विकलेले रोखे घेत ते दरबारी आणि धनाढ्य सरदार. त्यांना व्याजापेक्षा तारण ठेवलेल्या जमिनीत रस असे. लहान नाइटची जमीन अशा रीतीने बड्यांच्या घशात जाई. १२५८ च्या बॅरनांच्या अर्जात ही तक्रार स्पष्ट नोंदवलेली आहे. म्हणजे जमीन कोण गिळतो, हे तक्रारकर्त्यांना ठाऊक होते. तरीही तलवार उपसली गेली ती ज्यूंवर.

९/ यावर ठरलेला बचाव असा, की ‘तो काळच तसा होता.’ सायमनने १२३१ च्या सुमारास, म्हणजे युद्धाच्या तीस वर्षे आधी, लेस्टरमधून ज्यूंना कायमचे हद्दपार केले. त्या निर्वासितांना आसरा दिला तो त्याच्याच आजीच्या बहिणीने, विंचेस्टरच्या काउंटेस मार्गारेटने. काळ एकच, घराणे एकच, वर्तन दोन. शिवाय लुइसच्या विजयानंतर सायमनच्याच राजवटीने लंडनच्या ज्यूंना संरक्षण देण्याचे आदेश काढले आणि त्याच वेळी आपल्या अनेक समर्थकांची ज्यूंकडील देणी माफ करून टाकली. काळाला दोष देणाऱ्यांनी या निवडीचा हिशेब द्यावा.

१०/ दुसरा बचाव अधिक वजनदार आहे: या युद्धाने सामान्य माणसाला राजकीय भान दिले. हे खरेच आहे. इव्हशॅमनंतर काही दिवसांतच लेस्टरशायरमधील पीटलिंग मॅग्ना या खेड्याच्या रहिवाशांनी राजपक्षाच्या माणसांना अडवले. तुम्ही बॅरनांच्या आणि राज्यातील जनसमुदायाच्या हिताविरुद्ध वागत आहात, असा त्यांचा आरोप होता. एका खेड्याने राज्याच्या हिताची भाषा बोलावी, ही मोठी गोष्ट होय. १२६७ च्या मार्लबरो कायद्याने युद्धपूर्व सुधारणांपैकी बरेच काही टिकवले. त्यातील काही कलमे आजही लागू आहेत.

११/ परंतु ‘राज्यातील जनसमुदाय’ या शब्दांत कोण सामावत होते? युद्धानंतरच्या तडजोडीत याचे उत्तर आहे. १२६६ च्या केनिलवर्थ निवाड्याने जमिनी गमावलेल्या बंडखोरांना त्या परत मिळवण्याची वाट दिली: अपराधाच्या प्रमाणात वार्षिक उत्पन्नाच्या काही पट, जास्तीत जास्त सातपट, दंड भरावा आणि जमीन सोडवून घ्यावी. राजा सावरला, बंडखोरही सावरले. मारले गेलेल्या ज्यूंच्या वारसांसाठी असा निवाडा झाला नाही.

१२/ उलट त्यांच्याभोवतीचा फास आवळत गेला. १२७१ मध्ये ज्यूंना जमिनीची मालकी धारण करण्यास मनाई झाली. १२७५ च्या कायद्याने व्याजाचा व्यवहार बंद केला आणि सात वर्षांवरील प्रत्येक ज्यूला कपड्यावर पिवळी खूण लावणे बंधनकारक केले. चरितार्थाचे जुने साधन गेले आणि नवे साधन फारसे मिळाले नाही.

१३/ मग आला १२९०. कर्जबाजारी झालेल्या पहिल्या एडवर्डला पैसा हवा होता. वेस्टमिन्स्टरला जमलेल्या शायरच्या नाइटांनी कर मंजूर केला. त्यातून सुमारे १,१६,००० पौंड गोळा झाले. त्या मंजुरीच्या मोबदल्यात १८ जुलै रोजी हद्दपारीचे आदेश निघाले: १ नोव्हेंबरपूर्वी सर्व ज्यूंनी इंग्लंड सोडावे. दोन ते तीन हजार माणसे देशोधडीला लागली. ज्यूंना पुन्हा उघडपणे तेथे राहता यावे, यासाठी १६५६ साल उजाडावे लागले.

१४/ येथे गौरवगाथेचा धागा उसवतो. करास संमती देण्याच्या बदल्यात राजाकडून मागणी मान्य करून घेणे, हेच संसदेचे मूळ सामर्थ्य मानले जाते. १२९० मध्ये शायरच्या नाइटांनी हेच सामर्थ्य वापरले, आणि मागणी होती एका अल्पसंख्य समाजाच्या हकालपट्टीची. १२६५ ची सभा आणि १२९० ची हद्दपारी यांना दोन वेगळ्या प्रकरणांत टाकणे ही इतिहासलेखकांची सोय आहे. त्या नाइटांसाठी ते एकच राजकारण होते.

१५/ प्रतिनिधित्व म्हणजे न्याय, हे समीकरण या यादवीतून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की सभेत ज्यांना जागा मिळाली त्यांचे हित जपले गेले आणि जे सभेबाहेर राहिले त्यांच्या जिवावर तडजोडी झाल्या. अमेरिकेतील त्याच दालनात सायमनबरोबर पहिल्या एडवर्डचेही शिल्प आहे, आणि थोर ज्यू विचारवंत मायमोनिडीझचेही. पाठ्यपुस्तकात जेव्हा जेव्हा १२६५ ची सभा शिकवली जाईल, तेव्हा १२६४ चा एप्रिल आणि १२९० चा जुलैही त्याच पानावर असावा.