छत्र्यांमधले अंतर

महानगरीय जाणिवेची चर्चा आपल्या भाषाविभागांतून सुरू झाली की ‘परात्मता’ हा शब्द फार लवकर अवतरतो. कलाकृतीतील माणसे एकमेकांकडे पाहत नसली की ती परात्म झाली, हा निवाडा तयारच असतो. गुस्ताव्ह कायबोत या फ्रेंच चित्रकाराचे ‘पॅरिसमधील रस्ता : पावसाळी दिवस’ हे चित्र अशा निवाड्याचे हुकमी उदाहरण झाले आहे. माझ्या मते या निवाड्याने चित्रावर अन्याय होतोच. शिवाय आपली पाहण्याची सवयही बिघडते.

दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या १८७७ सालच्या तिसऱ्या प्रदर्शनात हे चित्र मांडले गेले; आज ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. सुमारे २१२ सेंटिमीटर उंच आणि २७६ सेंटिमीटर रुंद अशा या पटावर सँ-लाझार स्थानकाजवळचा एक चौक दिसतो. मधोमध उभा असलेला गॅसच्या दिव्याचा खांब पटाचे दोन भाग करतो. उजवीकडे पदपथावरून एक जोडपे आपल्या दिशेने येत आहे. त्यांची नजर मात्र चौकटीबाहेरच्या कशावर तरी आहे. डावीकडे ओल्या फरसबंदीचे विस्तीर्ण रिकामेपण, त्यात विखुरलेल्या आकृती आणि मागे पाचरीसारखी निमुळती इमारत. पावसाची एकही धार रंगवलेली नाही. तो कळतो दगडांवरच्या चकाकीवरून आणि उघडलेल्या छत्र्यांवरून.

या माणसांत अंतर आहे, हे खरेच. पण ते कोणत्या जातीचे, हे पाहावयास हवे. उघडी छत्री स्वतःभोवती जागा मागतेच. उजव्या कडेला चौकटीने अर्धा कापलेला एक पाठमोरा गृहस्थ आहे. त्याची छत्री जोडप्याच्या छत्रीला आता थटणार, अशा बेताने कलली आहे. अनोळखी माणसाला वाट करून देण्याचा हा क्षण आहे, आणि नागर सभ्यता अशाच क्षणांची बनलेली असते. ते जोडपे तर एकाच छत्रीखाली, हातात हात गुंतवून चालले आहे. परात्मतेचा निवाडा देणाऱ्यांच्या हिशेबात ही जवळीक धरलेलीच नसते. जुन्या गल्लीत माणसाला ओळख मिळे, तशी शेजाऱ्याची पाळतही मिळे. अनोळखी राहून चालण्याची मुभा ही रुंद रस्त्याची देणगी आहे. तिला केवळ एकाकीपणा म्हणणे अपुरे आहे.

ही मुभा कोणाला लाभली, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. बॅरन ओस्मान १८५३ ते १८७० या काळात सेन विभागाचा प्रिफेक्ट होता. त्याने जुन्या वस्त्या पाडून सरळ, रुंद रस्ते काढले, आणि कित्येक गरीब कुटुंबे शहराच्या कडेला ढकलली गेली. चित्राच्या अग्रभागी चालणारी माणसे सुस्थित आहेत; शिडी वाहून नेणारा रंगारी दूर पार्श्वभूमीत, बोटभर उंचीचा दिसतो. स्वतः धनिक असलेल्या कायबोतला श्रमाची दखल नव्हती असे म्हणवत नाही. १८७५ साली त्याने लाकडी जमीन तासणारे मजूर रंगवले होते, आणि सरकारी प्रदर्शनाने ते चित्र नाकारले होते. तेव्हा अग्रभाग आणि पार्श्वभूमी यांतले हे अंतरच अधिक बोलके आहे, आणि ‘परात्मता’ या सरसकट शब्दाखाली नेमके तेच झाकले जाते. चिंता त्या अंतराची करावयास हवी.

आणखी एक गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. सुमारे २०१४ साली या चित्राची सफाई झाली. पिवळट पडलेले रोगण आणि आकाशावर मागाहून चढलेला रंग निघाल्यावर आकाश पूर्वीपेक्षा उजळ दिसू लागले. ज्या मळभात कित्येकांनी आधुनिक मनाची खिन्नता वाचली, त्यातले काही रोगणाचे होते!

परात्मतेची संकल्पनाच टाकून द्यावी, असे माझे म्हणणे नाही. तिच्या आधाराने पुष्कळ मोलाची समीक्षा झाली आहे. पण आधी किती माणसे आहेत, कोण कोणाबरोबर आहे, कोणाच्या हाती छत्री आणि कोणाच्या हाती शिडी आहे, हे पाहावे. मग संज्ञा योजावी. हा क्रम उलटला की विद्यार्थी चित्र पाहतच नाही, त्याला फक्त संज्ञा दिसते. चित्रावर काळाने चढलेले रोगण शिकागोत निघाले. आपल्या वर्गातले आपणच काढावयाचे आहे.